आपल्या तोंडानं आपली ओळख

“ह्यात ‘मी’ किती येळा आलंय रं?” आप्पांनी विचारलं.

प्रतापदादा वाचता वाचता थांबला. माझा हा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला होता. शनिवारच्या गाडीनं तो खास माझ्यासाठी आला होता, आणि येताना ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलेला एक कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन आला होता. सोप्यात बसून तो त्या कागदावरचं इंग्रजी मराठीत करून सगळ्यांना ऐकवत होता. आई शेंगा फोडत होती. मी खांबाला टेकून माझ्याबद्दल ऐकत होते. ‘नेतृत्वगुण’ काय, ‘जनसंपर्क’ काय! ऐकून मलाच वाटत होतं, कोण बाई ही, हिला एकदा भेटायला पाहिजे.

“काका, रेझ्युमे असाच असतो,” दादा म्हणाला. “मी हे केलं, मी ते केलं. स्वतःबद्दलच सांगायचं असतं त्यात.”

“आनि हे सांगनार कोन? ती स्वताच?”

“तीच. म्हणजे लिहिलाय मी, पण सही तिची.”

आप्पांनी तांब्यातल्या मिठाच्या पाण्याची गुळणी केली, अंगणात जाऊन टाकली आणि परत येऊन बसले. “मग मला न्हाई पटत,” ते म्हणाले.

झालं! माझं डोकंच फिरलं.

त्या वर्षी मी बारावी झाले होते. पुण्यातल्या एका लॉ कॉलेजला पाच वर्षांचा कोर्स होता, त्याला अर्ज करायचा होता. जागा थोड्या, अर्ज ढीगभर, आणि गुणांशिवाय मुलाखतही होती. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती : इच्छा असल्यास रेझ्युमे जोडावा. ती ओळ नसती तर आमच्या घरात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ‘इच्छा असल्यास’ म्हटल्यावर आमच्याकडे इच्छा कुणाची, यावरून रामायण सुरू झालं.

मला वकील व्हायचं होतं. का, ते विचारलं असतं तर मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. बोलायला आवडायचं, आणि कुणावर अन्याय झाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, एवढंच भांडवल. पुण्याला नंबर लागला नाही तर डी.एड. आमच्या भागात बारावी झालेल्या हुशार पोरीचं डी.एड. ठरलेलंच असायचं. आईनं तो फॉर्म कधीच आणून देवळीत ठेवला होता. मास्तरीण होण्यात वाईट काही नाही, पण मला पोरांचे शेंबूड पुसायची लवमात्र आवड नव्हती. म्हणजे माझं सगळं त्या पुण्याच्या अर्जावर होतं.

आणि आमचे वडील ‘मी’ मोजत बसले होते.

आता आप्पांविषयी सांगायला हवं. हिंदुराव माने म्हटलं की सांगली-कोल्हापूर भागातली कुस्ती बघणारी माणसं अजून कान टवकारतात. आप्पा कुस्तीच्या मैदानाचे निवेदक होते. जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की फेटा बांधून, माइक धरून उभे राहायचे, आणि लाल मातीत उतरणाऱ्या प्रत्येक जोडीची ओळख करून द्यायचे. पैलवान कोण, कुठल्या गावचा, कुठल्या तालमीतला, वस्ताद कोण, हे सगळं तोंडपाठ. घरात आप्पा आमच्या गावचंच बोलायचे, पण माइक हातात आला की भाषा बदलायची. शब्द असे स्वच्छ यायचे की तालुक्याच्या मराठीच्या सरांनी ऐकत राहावं.

मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचे. माझं काम ठरलेलं. जोड्या लागायच्या आधी पैलवानांच्यात हिंडायचं आणि ज्यांना आप्पा ओळखत नाहीत त्यांची चौकशी करून यायची. “कुठला रे तू? वस्ताद कोण? घरी कोण असतं?” मग येऊन आप्पांच्या कानात सांगायचं. एवढ्या बापयांत एक पोर हिंडतेय म्हणून सुरुवातीला लोक हसले, नंतर त्यांना सवय झाली.

“काका, तुम्हीच बघा,” दादा चिकाटी सोडत नव्हता. “पुण्यातली पोरं काय काय जोडतात! वक्तृत्व, नाट्यवाचन, पोहणं, बुद्धिबळ. आपली शैलजा कुस्तीच्या मैदानात काम करते, असं दुसरी कोण मुलगी करत असेल? हे सांगायचं नाही तर काय झाकून ठेवायचं?”

“झाकून ठेव कोन म्हनतंय? सांगायचंच. पर तिनं न्हाई सांगायचं.”

“मग कोणी?”

“मैदानात पैलवान बोलतो का रं? कितीबी मोठा आसंल. गदा मारलेला आसंल. तो मातीत येतो, माती कपाळाला लावतो आनि गप उभा ऱ्हातो. त्यानं काय केलं ते दुसऱ्यानं सांगायचं. त्यानं सवता सांगितलं तर मग मी कशाला हाय तिथं? फेटा दाखवायला?”

“अहो, पण तिथं कॉलेजात निवेदक नसतो!”

“त्याला मी काय करू?”

आई शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाली, “पोरीच्या जल्माची गोष्ट हाय आनि तुमी मैदान काढून बसलाय. जोडू द्या की तिला कागुद. कागदाला काय वजन आसतंय?”

आप्पा माझ्याकडे वळले. “शैले, अर्ज तुजा हाय,” ते म्हणाले. “मला पटत न्हाई ते मी सांगितलं. जोडायचा का न्हाई ते तुजं तू बग.” आणि फेटा झटकायला उठून गेले.

मी जोडायचं ठरवलं. तसं दादाला सांगितलं, त्याच्यादेखत कागद अर्जाबरोबर पाकिटात घातला, आणि दादा सुटकेचा निःश्वास टाकून पुण्याला गेला. पाकीट मंगळवारी पोस्टात टाकायचं होतं. मधे सोमवारी शेजारच्या गावची जत्रा होती, आणि तिथे आप्पांचं मैदान होतं. मी आप्पांवर रागावले होते तरी गेले. न जाऊन सांगते कुणाला?

त्या मैदानाला मोठ्या शहरातला एक पैलवान आला होता. नाव विक्रांत. अंगात ट्रॅकसूट, बरोबर चार माणसं, आणि गडी म्हणाल तर देखणा, खोटं कशाला बोलू. त्याची कुस्ती लावली होती जतकडच्या बिरू कोळेकरशी. बिरूची चौकशी मीच केली होती. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला, विशीच्या आतला पोरगा. मी विचारेपर्यंत त्याला दिवसभरात कुणी नावसुद्धा विचारलं नव्हतं.

विक्रांत मातीत आला. आप्पांनी माइक तोंडाजवळ नेला, तेवढ्यात त्याच्या माणसांपैकी एकानं पुढं होऊन तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि विक्रांतच्या हातात दिला. तिकडच्या मोठ्या स्पर्धांत म्हणे तशी पद्धत होती. विक्रांतनं स्वतः सांगितलं, मी अमुक किताब मारला, मी तमुक ठिकाणी जिंकलो, मी येत्या वर्षी अमक्या स्पर्धेत उतरणार. बोलला छान. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आप्पा हाताची घडी घालून उभे होते.

कुस्ती लागली. हलगी घुमली. आणि बघता बघता विक्रांतनं ढाक डाव मारून बिरूला अस्मान दाखवलं. इतकी सुंदर कुस्ती मी क्वचित पाहिली असेल. आपण बोललो ते करून दाखवणारा गडी होता तो. फुशारकी नुसती नव्हती.

आप्पांनी माइक परत घेतला. जिंकलेल्याचं आप्पा फार बोलायचे नाहीत. नाव, गाव, तालीम, वस्ताद, संपलं. तसंच विक्रांतचं सांगितलं, वरच्या पट्टीत, खणखणीत. मग त्यांनी हात वर करून हलगी थांबवली.

हरलेल्याची ओळख आप्पा कुस्ती झाल्यावर पुन्हा एकदा करून द्यायचे. हा त्यांचा रिवाज. दुसरे निवेदक हरलेल्याचं नाव घेऊन पुढच्या जोडीकडे वळतात, आप्पा वळायचे नाहीत. तेव्हा आवाज खाली यायचा, सावकाश व्हायचा, आणि सुरुवात तालमीपासून नाही, वस्तादापासून नाही, आईपासून व्हायची. “बिरूची आई गंगूबाई,” आप्पा म्हणाले. “पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणच्या कडेला जाते. ह्या पोराचा जन्म वाटेवर झाला, शेवरीच्या झाडाखाली…” बिरू मातीत मान खाली घालून उभा होता. आप्पा बोलत गेले तशी त्याची मान हळूहळू वर आली. तालमीच्या वाटेवर तो किती मैल चालतो, खुराकाला काय खातो, मागच्या साली हात मोडला असताना एका हातानं जोर कसे मारले, सगळं सांगितलं. कशावर पांघरूण घातलं नाही. शेवटी ते नेहमी म्हणायचे ते म्हणाले : “पुढच्या जत्रेला हा गडी परत येईल. त्याला बघायला या.”

लोकांनी बिरूला खांद्यावर घेतलं. विक्रांत तिथंच उभा होता, त्याच्या चार माणसांत. माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याचा चेहरा काही रागाचा नव्हता. उलट आपल्याबद्दलही कुणी असं बोलावं, असं त्याला वाटत असावं. पण त्याच्याबद्दल बोलायचं त्यानं दुसऱ्या कुणासाठी ठेवलंच नव्हतं.

मी घरी आले आणि पाकिटातून दादाचा कागद काढून घेतला. आप्पांचं पटलं म्हणून म्हणाल तर तसंही नाही. लाज वाटली. त्या कागदात बरंचसं खरं होतं, तरी लाज वाटली. आप्पांना मी सांगितलं नाही. आईला सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, “बापाचीच पोर! एकाला झाका आनि दुसऱ्याला काडा.”

मुलाखतीचं बोलावणं आलं. गुण चांगले होते, म्हणून आलं असणार.

आप्पा बरोबर आले. मी म्हटलं, टोपी घाला, पुण्यात फेटा कशाला? म्हणाले, “लग्नाला आनि मैदानाला टोपी घालून गेलो न्हाई कदी.” म्हणजे त्यांच्या मते हे मैदान होतं. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर ते तो फेटा घालून बसले. आल्यागेल्या पालकांनी बघून घेतलं. आप्पांनीही सगळ्यांना बघून घेतलं. थोड्याच वेळात शिपाई त्यांच्याशेजारी बसून आपल्या गावाकडच्या तालमीची गोष्ट सांगत होता.

आत दोन माणसं होती. देवस्थळी मॅडम, कॉलेजच्या प्रमुख, आणि एक निवृत्त न्यायाधीश, त्यांना सगळे साहेब म्हणत. पहिले प्रश्न इंग्रजीत झाले. समजत होतं सगळं, पण उत्तर देताना दुसऱ्याच वाक्याला अडत होते. मॅडमनाच दया आली असावी. “मराठीत बोल, बाळ,” त्या म्हणाल्या. “अडचण अशी आहे की तुझ्या अर्जावरून तू कोण ते काही कळत नाही. गुण आहेत, गाव आहे. बाकी मुलांनी रेझ्युमे जोडलेत, त्यावरून काही विचारता येतं. तर तूच सांग. तुझ्याबद्दल सांग काहीतरी.”

आणि माझं तोंड बंद झालं.

हजारो माणसांत हिंडणारी मी! कुठल्या पैलवानाची कुंडली मांडा म्हटलं असतं तर मांडली असती. पण ‘मी’ म्हटलं आणि पुढं शब्दच येईना. वरचा पंखा फिरत होता, मॅडम वाट बघत होत्या, आणि मी हाताची नखं बघत बसले होते. डी.एड.चा फॉर्म डोळ्यांपुढं नाचायला लागला. वाटलं, शैले, हट्टानं कागद काढलास ना? भोग आता.

“वकील होणार आणि बोलता येत नाही?” साहेब म्हणाले. वाईट बोलले नाहीत, पण लागलं. त्यांनी माझी फाइल मिटली. “ठीक आहे. या तुम्ही.”

मी उठले. दारापाशी गेले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “एक सांगा. रेझ्युमे जोडायचा राहिला, की जोडायचा नव्हता?”

“जोडायचा नव्हता,” मी म्हटलं.

“का?”

आता गेलंच आहे, तर सांगून टाकू, असं वाटलं. “आमच्यात आपल्या तोंडानं आपली ओळख करून द्यायची नसते, साहेब. मैदानात पैलवान गप्प असतो. ओळख निवेदक करून देतो.”

साहेबांनी चष्मा वर केला. “असं? मग तुमचे निवेदक कोण?”

“माझे वडील. बाहेर बसलेत.”

मॅडम हसू दाबत होत्या. साहेब मात्र हसले नाहीत. “बोलवा,” ते शिपायाला म्हणाले.

आप्पांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत आले. त्यांना कुणी काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. शिपाई कानात काही बोलला होता. “हिची ओळख करून द्या, माने,” साहेब म्हणाले, “मैदानात देता तशी.” आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कुस्ती झाल्यावर मातीत पडलेल्या गड्याकडे ते असंच बघायचे, कुठं लागलंय का, किती लागलंय ते. माझा चेहरा कसला झाला होता देव जाणे.

त्यांनी फेटा सारखा केला आणि आवाज लावला. खालचा, सावकाश.

“मंडळी,” ते त्या दोघांना म्हणाले, “हिची आई सुमन.”

आईपासून! आप्पांनी आईपासून सुरुवात केली होती. म्हणजे त्यांनी माझा चेहरा बघून निकाल लावला होता. मी हरले होते, आणि आप्पा मला घरी जाण्यापुरते शब्द देत होते. भिंतीला हात लावून मी उभी राहिले.

“हिच्या आईला लिहिता येत नव्हतं. लग्नानंतर ती सही शिकली. पहिली सही केली ती ह्या पोरीला शाळेत घालताना. अर्धा तास लागला, मास्तर थांबले. ही पोरगी नववीला इंग्रजीत नापास झाली. मी म्हटलं, सोडून दे, मराठीत जन्मलीस, मराठीत जग, काय अडतंय? तिनं ऐकलं नाही. गोठ्यात जाऊन म्हशीशी इंग्रजीत बोलायची. म्हैस काही बोलली नाही, पण ही पास झाली.”

साहेब मोठ्यानं हसले. आप्पा हसले नाहीत. हरलेल्याची ओळख करून देताना ते हसत नसत.

“माझ्याबरोबर ही मैदानात येते. पैलवानांची चौकशी करणं हिचं काम. नामांकित गडी असतात, त्यांच्याभोवती गर्दी असते. ही तिकडं जात नाही. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यापाशी आधी जाते. मी तिला हे शिकवलेलं नाही. मला स्वतःला ते सुचलं नव्हतं.”

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे मी तसं करते हेच माहीत नव्हतं, आणि आप्पांनी बघितलंय हे तर नाहीच. मी भिंतीवरचा हात काढून ओढणीनं तोंड पुसलं.

“तीन वर्षांमागं एका मैदानात कुस्ती झाली,” आप्पा पुढं म्हणाले. “मी वर स्टेजवर. ही खाली मातीच्या कडेला. मी माइकवरून जाहीर केलं, चितपट झाली. ही उठून उभी राहिली आणि ओरडली, आप्पा, खांदा टेकला नाही! सगळ्या बापयांसमोर. मला राग आला. मी माइकवरून बोललो, गप बस, पोरीबाळींचं काम नाही हे. मैदान हसलं. ही रडत निघून गेली, टेम्पोत जाऊन बसली.”

तो टेम्पो मला आठवत होता. आत उसाच्या पाचटाचा वास होता. नंतर ती कुस्ती पुन्हा लावली असं ऐकलं होतं. आप्पा म्हणाले होते, पंचांना शंका आली म्हणून.

“पंच माझ्यापाशी आले,” आप्पांचा आवाज आणखी खाली गेला. “म्हणाले, माने, पोरगी बरोबर आहे. खांदा टेकला नव्हता, आम्हाला दिसलं नाही, तिला दिसलं. कुस्ती पुन्हा लावली. लोकांना मी सांगितलं, पंचांना शंका आली. हिलाही तेच सांगितलं. चूक मी माइकवरून केली होती, दुरुस्त माइकवरूनच करायला पाहिजे होती. ती राहिली. इथं माइक नाही. पण चारचौघांत सांगतो. ती बरोबर होती. मी चुकलो होतो.”

मी आप्पांकडे बघत होते. एवढी मोठी माणसं त्यांच्यासमोर टेबलाशी बसली होती, आणि हा अनवाणी माणूस फेटा बांधून ताठ उभा राहून आपली चूक सांगत होता, बिरूचा मोडलेला हात सांगावा तितक्याच सरळपणे. मला माझ्या बापाचा असा अभिमान वाटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

“पोरगी लहान आहे,” आप्पांनी शेवट केला. “पुढच्या वर्षी ही परत येईल. हिला बघायला या.”

त्यांनी हात जोडले.

“पुढच्या वर्षी कशाला?” साहेब म्हणाले. “यंदाचं काय झालं?”

आप्पा गोंधळले. उभ्या आयुष्यात माइकवर गोंधळलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले.

“माने, तुम्ही बाहेर बसा,” देवस्थळी मॅडम म्हणाल्या. “हिची मुलाखत अजून संपलेली नाही.” मग माझ्याकडे वळून : “तो खांदा टेकला नव्हता, हे तुला कसं दिसलं? आणि तुझ्या वडिलांना, पंचांना का नाही दिसलं? सांग आम्हाला. आम्ही तर कुस्ती पाहिलेलीच नाही.”

मग मात्र मी बोलले. पैलवानाबद्दल बोलायचं होतं ना! कोण कुठं उभं होतं, ऊन कुठल्या बाजूनं होतं, पंचांच्या आणि खांद्याच्या मधे वरच्या गड्याची मांडी कशी आली, सगळं सांगितलं. साहेबांनी मधेच आडवे प्रश्न घातले. “तुम्ही हरणाऱ्याच्या बाजूच्या होतात म्हणून तसं दिसलं नसेल कशावरून?” मी म्हटलं, “साहेब, दोघंही परगावचे. दोघांचीही चौकशी मीच केली होती.” शेवटी टेबलावरचा पेपरवेट आणि त्यांचाच चष्मा घेऊन मी दोन पैलवान करून दाखवले. चष्मा खाली पडला. साहेब म्हणाले, “चितपट.”

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव होतं. वरून नाही, खालून शोधावं लागलं, पण होतं. प्रतापदादा अजून म्हणतो, रेझ्युमे जोडला असतास तर वरच्या पाचात आली असतीस. म्हणू दे बापडा.

स्वारगेटहून परतीची गाडी धरली. आप्पांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला होता. खंबाटकी घाट उतरेपर्यंत त्यांनी कॉलेजचा विषय काढला नाही, यादीचा नाही. घरच्या म्हशीची आज कुणी धार काढली असेल, एवढं एकदा विचारलं. मला राहवेना.

“आप्पा.”

“हं.”

“तुम्ही मला हरलेली धरलं होतं.”

“धरली,” आप्पा म्हणाले. “तोंडच तसलं केलं हुतंस.”

“आणि हरले नव्हते तर?”

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंधारात उसाचे मळे मागं पळत होते. घरात बोलायच्या त्यांच्या साध्या आवाजात ते म्हणाले, “जिकनार हाईस हे ठावं आसतं, तर नाव-गाव सांगून मोकळा झालो आसतो. मग ते समदं माज्या पोटातच ऱ्हायलं आसतं बग.”